यादीत नसलेल्या लिनक्सवर गाण्यांचे ॲप कसे बसवावे?



१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० या कार्यप्रणालीचा नेहमीचा आधार थांबवला. पुढच्या विंडोज ११ साठी संगणकात टीपीएम २.० नावाची सुरक्षा-सोय लागते आणि प्रोसेसरही बराच नवा लागतो. दहा-बारा वर्षांपूर्वी घेतलेले बहुतेक संगणक या अटीत बसत नाहीत. पडदा चांगला आहे, कळफलक चांगला आहे, पण कार्यप्रणाली जुनी झाली, अशी यंत्रे पेडणे-डिचोलीच्या शाळांत आणि घरांत पडून आहेत. ती भंगारात देण्यापूर्वी त्यांवर लिनक्स बसवून पाहावे, असे आम्ही मुलांना सांगतो. लिनक्स बसले की मुलांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, "सर, यावर गाणी लागतात का?"

या पाठात त्याच प्रश्नाचे उत्तर पाहू. उदाहरणासाठी स्पॉटिफाय ही सेवा आणि बॉस हे आपल्या देशातील लिनक्स घेऊ. आज्ञांची रोमन अक्षरांतील नेमकी रूपे संगणक कक्षाच्या फलकावर लावली आहेत. येथे त्या आज्ञा काय करतात आणि का करतात, हे समजून घ्यायचे आहे.

गोव्याला लिनक्स नवे नाही

लिनक्सचा गाभा लिनस टोरवाल्ड्स यांनी १९९१ साली फिनलंडमध्ये विद्यार्थी असताना लिहिला. गोव्यातील शाळांत तो बऱ्याच आधी पोचला. २००० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत 'गोवा स्कूल्स कॉम्प्युटर्स प्रोजेक्ट' या उपक्रमातून परदेशात वापरून झालेले संगणक येथील शाळांना मिळाले आणि त्यांवर लिनक्स चालवले गेले. जुने यंत्र आणि मोफत कार्यप्रणाली ही जोडी त्या काळापासूनची आहे.

बॉस म्हणजे 'भारत ऑपरेटिंग सिस्टीम सोल्यूशन्स'. केंद्र सरकारच्या सी-डॅक संस्थेने ते तयार केले आणि त्याची पहिली आवृत्ती २००७ साली आली. त्यात मराठी आणि कोकणीसह अनेक भारतीय भाषांची सोय आहे. शाळांसाठी 'एज्युबॉस' नावाचे वेगळे रूपही काढण्यात आले. बॉसचा पाया डेबियन आहे. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे त्याचा उपयोग होणार आहे.

'आधार नाही' म्हणजे काय?

लिनक्सचा गाभा एक, पण त्याभोवती निरनिराळी साधने जोडून वेगवेगळ्या संस्था आपापले वितरण काढतात. डेबियन १९९३ पासून आहे, उबुंटू २००४ पासून, लिनक्स मिंट २००६ पासून. उबुंटू डेबियनवर उभे आहे आणि मिंट मुख्यतः उबुंटूवर.

स्पॉटिफाय ही स्वीडनमधील कंपनी. तिची सेवा २००८ साली सुरू झाली आणि भारतात फेब्रुवारी २०१९ मध्ये आली. लिनक्ससाठी तिने २०१० सालीच एक प्राथमिक ॲप दिले होते. आजही डेबियन-उबुंटू पद्धतीचे पॅकेज ती देते, पण सोबत स्पष्ट सांगते की हे काम आमचे अभियंते फावल्या वेळात हौसेने करतात, या प्रणालीला आमचा नियमित आधार नाही. मग बॉससारख्या वितरणाचे नाव कोणत्याही यादीत कुठून येणार? गाना आणि जिओसावन या भारतीय सेवा तर लिनक्सवर ब्राउझरमधूनच ऐकाव्या लागतात.

'आधार नाही' हे शब्द वाचून पुष्कळ जण हात टेकतात. त्यांचा अर्थ एवढाच की बिघडले तर कंपनी दुरुस्त करून देण्यास बांधील नाही. ॲप चालण्याचा संभव चांगला असतो, फक्त त्याची जबाबदारी बसवणाऱ्यावर येते. ती कशी घ्यावी, हाच आजचा खरा पाठ आहे.

पहिली पायरी: यंत्राची ओळख

डॉक्टर औषध देण्यापूर्वी नाडी पाहतात, तशा चार गोष्टी आधी पाहाव्यात.

१. यंत्र ३२ बिटचे आहे की ६४ बिटचे? टर्मिनल उघडून 'युनेम -एम' ही आज्ञा द्या. उत्तरात शेवटी '६४' आले तर पुढे जा. 'आय६८६' असे आले तर चालू असलेली प्रणाली ३२ बिटची आहे. तिच्यासाठी स्पॉटिफायचे आजचे ॲप मिळत नाही. मात्र कधी कधी प्रोसेसर ६४ बिटचा असतो आणि प्रणाली तेवढी ३२ बिटची बसवलेली असते. 'एलएससीपीयू' ही आज्ञा ते सांगते. तसे असेल तर ६४ बिटचे लिनक्स बसवून प्रश्न सुटतो.

२. वितरणाचा पाया कोणता? प्रत्येक वितरणात 'ओएस-रिलीज' नावाची छोटी फाईल असते. तिच्यात वितरणाचे नाव आणि आवृत्ती असते, पुष्कळदा ते कोणासारखे आहे हेही असते. डेबियनवर आधारलेल्या बहुतेक वितरणांत डेबियनच्या कोणत्या आवृत्तीवर ते उभे आहे याचीही नोंद सापडते.

३. ती मूळ आवृत्ती किती जुनी आहे? डेबियन १२ जून २०२३ मध्ये आले, डेबियन १३ ऑगस्ट २०२५ मध्ये. पाया फारच जुना असेल तर नवे ॲप त्यावर उभे राहत नाही.

४. डिस्कवर जागा किती? किमान दोन-तीन जीबी मोकळी ठेवावी. ऐकलेल्या गाण्यांचे तुकडे ॲप डिस्कवर साठवते, त्यामुळे पुढेही जागा लागत राहते.

दुसरी पायरी: आधी ब्राउझर

काहीही बसवण्यापूर्वी फायरफॉक्समध्ये स्पॉटिफायचे संकेतस्थळ उघडून पाहा. गाणे वाजवताना फायरफॉक्स विचारतो की संरक्षित ध्वनी वाजवण्याची परवानगी द्यावी का. ती दिली की तो 'वाइडवाइन' नावाचा भाग उतरवून घेतो आणि गाणे सुरू होते. डेबियनच्या भांडारातील क्रोमियममध्ये हा भाग नसतो, म्हणून तेथे गाण्याची यादी दिसते पण आवाज येत नाही. अशा वेळी ध्वनिवर्धक तपासत बसू नये.

पुष्कळ घरांची गरज एवढ्यानेच भागते. ज्याची गरज ब्राउझरने भागते त्याने पुढच्या पायऱ्या फक्त ज्ञानासाठी वाचाव्यात.

तिसरी पायरी: भांडार, चावी आणि पॅकेज

विंडोजवर आपण संकेतस्थळावरून फाईल उतरवतो आणि तिच्यावर दोनदा टिचकी मारतो. डेबियनच्या घराण्यात रीत वेगळी आहे. तेथे पॅकेजांची भांडारे असतात. कोणत्या भांडारातून माल घ्यायचा याची यादी संगणकाजवळ असते आणि 'ॲप्ट' नावाचा कारभारी त्या यादीप्रमाणे माल आणतो. बॉसच्या यादीत बॉसचे भांडार असते. स्पॉटिफायचे आपल्याला जोडावे लागते. काम तीन टप्प्यांत होते.

पहिला टप्पा चावीचा. भांडारातील मालाच्या यादीवर कंपनीची सही असते. ती खरी आहे का हे तपासण्यासाठी कंपनीची सार्वजनिक चावी आपल्या संगणकात ठेवावी लागते. ही चावी कंपनी अधूनमधून बदलते. म्हणून दोन-तीन वर्षांपूर्वीच्या एखाद्या लेखातील आज्ञा तशीच उतरवली तर 'चावी सापडत नाही' अशी तक्रार येते. चावी नेहमी कंपनीच्या लिनक्स पानावरून, त्याच दिवशीची घ्यावी. तक्रार आली म्हणून सही तपासणेच बंद करावे असा सल्ला कोणी दिला तर तो मानू नये.

दुसरा टप्पा पत्त्याचा. स्पॉटिफायच्या भांडाराचा पत्ता एका वेगळ्या छोट्या फाईलीत लिहावा. मूळ यादीत घुसडू नये. वेगळा ठेवला की काढून टाकणे सोपे जाते.

तिसरा टप्पा मागणीचा. 'ॲप्ट'ला आधी यादी ताजी करण्यास सांगावे आणि मग 'स्पॉटिफाय-क्लायंट' हे पॅकेज मागावे. सारे जुळले तर काही मिनिटांत मेनूमध्ये हिरवे चिन्ह दिसते. पुढे प्रणाली अद्ययावत कराल तेव्हा हे ॲपही अद्ययावत होईल.

बॉसचा पाया डेबियन असल्यामुळे येथे काम होण्याचा संभव असतो. फेडोरा किंवा ओपनसुसे यांचा पाया वेगळा आहे. त्यांच्यावर ही पायरी लागू पडत नाही.

अडते कुठे?

पॅकेज एकटे येत नाही. ते आवाजाचे साधन मागते, खिडकी काढण्याचे साधन मागते, जाळ्याशी बोलण्याचे साधन मागते. यांना अवलंबने म्हणतात. वितरण फार जुने असेल तर साधन असते, पण त्याची आवृत्ती कमी पडते.

कधी कधी साधन तेच असते पण नाव बदललेले असते. याचे एक चांगले उदाहरण आहे. संगणक वेळ मोजतो तो १ जानेवारी १९७० पासूनच्या सेकंदांत. ३२ बिटच्या जुन्या पद्धतीत हा आकडा १९ जानेवारी २०३८ रोजी भरून जातो. त्यावर उपाय म्हणून उबुंटू २४.०४ आणि डेबियन १३ यांनी वेळेची मोजणी मोठ्या घरात नेली आणि त्या फेरफारात कित्येक साधनांच्या नावापुढे 'टी६४' जोडले गेले. आवाजाच्या साधनाचेही तसेच झाले. त्यामुळे जुन्या लेखातील नावाने ते मागितले तर मिळत नाही, असे पुष्कळांच्या अनुभवास येते. अशा वेळी घाबरू नये. आलेला संदेश शांतपणे वाचावा आणि कोणत्या नावाची तक्रार आहे ते वहीत लिहून घ्यावे.

एक गोष्ट मात्र कधीही करू नये. एखादे साधन मिळत नाही म्हणून दुसऱ्याच वितरणाचे भांडार यादीत जोडू नये. बॉसमध्ये उबुंटूचे भांडार घातले, तर ॲप्ट फक्त ते एक साधन आणत नाही. तो शेकडो साधने नव्या भांडारातून बदलू लागतो आणि एक दिवस यंत्र सुरूच होत नाही. एका गाण्यासाठी अख्खा संगणक जायचा!

चौथी पायरी: पेटारा घेऊन येणारी मंडळी

अवलंबनांचा प्रश्न मिटवण्यासाठी दुसरी पद्धत निघाली. तिचे नाव फ्लॅटपॅक.

आपल्याकडे जत्रेला दशावतारी मंडळी येतात. मुकुट, शस्त्रे, पोशाख, रंग सारे त्यांच्या पेटाऱ्यात असते. गावाने फक्त जागा आणि उजेड द्यायचा. फ्लॅटपॅकचे ॲप असेच येते. लागणारी साधने ते सोबत आणते आणि आपल्या खोलीत ठेवते. घरातील साधनांना ते हात लावत नाही. म्हणून डेबियन असो, फेडोरा असो वा बॉस असो, बहुतेक ठिकाणी ते चालते.

फ्लॅटपॅक स्वतः डेबियनच्या भांडारात २०१७ च्या आवृत्तीपासून आहे आणि मिंटमध्ये ते आधीच बसवलेले मिळते. ते बसवावे, 'फ्लॅटहब' हे भांडार जोडावे आणि स्पॉटिफाय मागावे.

दोन गोष्टी ध्यानात ठेवा. पेटारा जड असतो, पहिल्या वेळी काहीशे एमबी उतरवावे लागतात. दुसरी गोष्ट विश्वासाची. फ्लॅटहबवरील स्पॉटिफायचे पॅकेज कंपनी सांभाळत नाही, स्वयंसेवक सांभाळतात. ते मूळ ॲप कंपनीकडूनच घेतात, पण बांधणी त्यांची असते. 'स्नॅप' नावाच्या तशाच तिसऱ्या पद्धतीत मात्र पॅकेज कंपनी स्वतः देते. उबुंटूवर स्नॅप तयारच असते, मिंटने २०२० पासून ते मुद्दाम बंद ठेवले आहे. यांतले काय निवडावे हे आपले वितरण आणि आपला विश्वास पाहून ठरवावे.

जबाबदारीची वही

टर्मिनलमध्ये 'सुडो' हा शब्द लिहून परवलीचा शब्द दिला की आपण त्या संगणकाचे मालक म्हणून आज्ञा देतो. त्यानंतर संगणक उलट विचारत नाही. म्हणून सुडोने सुरू होणारी ओळ इंटरनेटवरून उचलून चिकटवण्यापूर्वी तीन प्रश्न विचारावेत. हे कोणी तयार केले? यावर कोणाची सही आहे? नको झाले तर काढायचे कसे? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर नसेल तर थांबावे.

संगणक कक्षात यासाठी साधी वही ठेवावी. तारीख, यंत्र क्रमांक, काय बसवले, कोठून आणले, कोणी बसवले आणि काढण्याची रीत, असे सहा रकाने पुरेत. ॲप काढताना पॅकेजाबरोबर भांडाराच्या पत्त्याची फाईल आणि चावीही काढावी. आज नववीत असलेला मुलगा दोन वर्षांनी शाळेत नसेल, पण त्याने लिहिलेली ओळ पुढच्या मुलाला उपयोगी पडेल. कंपनीचा आधार नसतो तेथे ही वहीच आपला आधार असते.

इंटरनेटचा हिशेब

स्पॉटिफायवरील साधारण दर्जाचे गाणे सेकंदाला सुमारे ९६ किलोबिट घेते. ८ बिटांचा एक बाइट, म्हणजे सेकंदाला १२ किलोबाइट, आणि तासाला ४३,२०० किलोबाइट. म्हणजे सुमारे ४३ एमबी. दर्जा १६० केला तर तासाला ७२ एमबी आणि ३२० केला तर १४४ एमबी. कक्षातील वीस यंत्रांवर एकाच वेळी साधारण दर्जाने गाणी लावली तर जोडणीवर सुमारे २ मेगाबिटचा भार सतत राहील. मोबाईलच्या जोडणीवर ऐकणाऱ्या घरांनी हा हिशेब करूनच दर्जा ठरवावा.

३२ बिटचे यंत्र असेल तर

डेबियन १३ पासून ३२ बिटच्या संगणकांसाठी बसवण्याची प्रतही निघत नाही. तरी यंत्र निकामी ठरत नाही. व्हीएलसी त्यावर चालते, शाळेकडील सीडी आणि स्वतः केलेली ध्वनिमुद्रणे ऐकता येतात. आकाशवाणीच्या अनेक केंद्रांचे प्रसारणही इंटरनेटवरून मिळते.

खाते आणि कायदा

स्पॉटिफायच्या खात्याला वयाची अट आहे. मुलांनी खोटे वय टाकून खाते उघडू नये, पालकांच्या परवानगीने आणि त्यांच्यासमोर वापरावे. कंपनीच्या अटींप्रमाणे ही सेवा वैयक्तिक ऐकण्यासाठी आहे. आपल्या १९५७ च्या प्रताधिकार कायद्यात शिक्षक, विद्यार्थी आणि पालक यांच्यापुरत्या शालेय कार्यक्रमात ध्वनिमुद्रण वाजवण्यास सवलत आहे, परंतु कायद्याची सवलत आणि कंपनीची अट या वेगळ्या गोष्टी आहेत. स्नेहसंमेलनासाठी शाळेच्या मालकीचे ध्वनिमुद्रण वापरणे उत्तम. याच कायद्याप्रमाणे ध्वनिमुद्रणावरील हक्क प्रकाशनानंतर साठ वर्षांनी संपतो. जुन्या तबकड्यांच्या बाबतीत हे उपयोगी पडते, मात्र गीत आणि चाल यांचे हक्क वेगळे मोजले जातात.

आणि ऐकायचे काय?

इतके सारे करून केवळ नव्या चित्रपटांची गाणी ऐकली तर माझी तक्रार नाही. पण एकदा केसरबाई केरकर यांचे नाव शोधून पाहा. त्या केरीच्या. ही केरी पेडण्याची नव्हे, सत्तरीचीही नव्हे, फोंडा तालुक्यातली. १९७७ साली अमेरिकेने सोडलेल्या व्हॉयेजर यानांवर पृथ्वीची ओळख म्हणून सोन्याचा मुलामा दिलेली तबकडी ठेवली आहे, तिच्यात केसरबाईंनी गायिलेली भैरवी आहे. मग कुर्डीच्या मोगूबाई ऐका, मंगेशीचे दीनानाथ मंगेशकर आणि जितेंद्र अभिषेकी ऐका. नाव देवनागरीत टाकून सापडले नाही तर रोमन अक्षरांत टाका, कारण जुन्या ध्वनिमुद्रणांची नोंद पुष्कळदा रोमनमध्ये असते. देवनागरी नावांच्या जागी चौकटी दिसल्या तर लोहित किंवा नोटो हा टंक बसवा.

ज्या गावांतून हे गायक निघाले त्या गावांच्या मुलांनी त्यांचा आवाज ऐकलेला असावा, एवढीच इच्छा. त्यासाठी नवा संगणक लागत नाही.

स्वाध्याय

१. घरातील किंवा कक्षातील एका संगणकाची चार प्रकारची ओळख वहीत लिहा.

२. 'आधार नाही' आणि 'चालत नाही' यांतील फरक पाच ओळींत स्पष्ट करा.

३. रोज दीड तास, १६० किलोबिट दर्जाने गाणी ऐकली तर तीस दिवसांत किती डेटा लागेल? रीत दाखवा.

४. चावी, भांडार आणि पॅकेज यांचा परस्परसंबंध आकृती काढून दाखवा.

५. मोगूबाई कुर्डीकर यांचे एक ध्वनिमुद्रण शोधा. राग कोणता, ते संगीत शिक्षकांना विचारून लिहा.